टेकूची खाट आणि खोडदचं लग्न

वारूळवाडी, ता. जुन्नर
मंगळवार, दिवेलागणीची वेळ

तीर्थरूप दाजी, मुक्काम लोणी, यांच्या पायांशी मेहुणा भगवंत याचा दंडवत, आणि अक्काला नमस्कार.

इकडं आम्ही सगळी बरी आहोत. तुमचा खोकला गेला का, साखर किती निघाली, आणि अक्का म्हणते त्याप्रमाणे "गुळाला कोणी साखर म्हणत न्हाई" असं तुम्ही खरंच डॉक्टरांना तोंडावर सांगितलंत का, हे कळवावं. पाऊस तुमच्या पूर्वेकडं अजून नसेल. इकडंही ढग येतात, चहा घेतल्यासारखं करतात आणि निघून जातात. आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना ह्या बाबाला कागद कुठून आठवला. दाजी, राग मानू नका, पण फोनवर काही लिहून पाठवलं की तुमचा अंगठा थांबत नाही. मागं आमच्या सौ.च्या दाढदुखीचं मी तुम्हाला एकट्याला कळवलं होतं. ते तुम्ही भजनी मंडळात, भावकीत आणि 'कांदा बाजारभाव' ह्या गटात पुढं ढकललंत, आणि कांदा बाजारभावातले एक गृहस्थ लवंगेचं तेल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. (तेलानं गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना आम्ही जेवू घालून पाठवलं.) म्हणून हा कागद. कागद पुढं ढकलता येत नाही.

पत्राचं कारण म्हणजे तुमचे आभार. आमच्या 'टेकू'ला आज जे काही दिवस आलेत ते तुमच्या एका वाक्यामुळं, आणि ते वाक्य तुम्हाला आठवत नसणार म्हणून सविस्तर लिहितो. टेकूची सगळी हकिगत तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र अक्का मोठ्यानं वाचणार आणि ओसरीवर कोणी पावणं बसलेलं असणार, तर त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. मंडपाचा धंदा मी लेकाच्या, आदेशच्या, हवाली केला तेव्हा गोडाऊनचा एक कोपरा स्वतःला मागून घेतला. तिथं आमच्या आईच्या आजारपणात घेतलेली दवाखान्यातली खाट होती. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते, ती. आई गेल्यावर ती खाट शेजाऱ्यांनी नेली, त्यांच्याकडून त्यांच्या व्याह्यांनी नेली, आणि आई जितकी गावं फिरली नाही तितकी तिची खाट फिरली. त्यातून 'टेकू' हे मंडळ निघालं. खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. ज्याला लागेल त्यानं न्यावं, पैसा द्यायचा नाही, काम झालं की आणून द्यावं. आयुष्यभर मी नवऱ्यामुलांना खुर्च्या पुरवल्या, आता आजाऱ्यांना पुरवतो. माल तोच, गिऱ्हाईक जरा शांत.

पण सामान किती आणि माणसं किती. गेल्या हिवाळ्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा एक माणूस पहाटेच्या एसटीनं उतरला. वडिलांचं अंग अर्धं लुळं पडलेलं. खाट बांधून न्यायला दोर घेऊन आला होता. माझ्याकडं एकही खाट नव्हती. त्यानं दोर परत गुंडाळला आणि उलट मलाच धीर दिला, "ऱ्हाऊ द्या बाबा, आमी बाजंखाली इटा लावतो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाजारपेठेतल्या ज्या व्यापाऱ्यांकडं मी दरवर्षी हात पसरायचो, ते आता मला लांबून बघितलं की शटर ओढायचे. (त्यांचंही चुकत नाही. एकाच विहिरीतून किती उपसायचं.)

अशात तुमच्या समृद्धीचा साखरपुडा आला. मी तुमच्या पंगतीला बसून हीच रड गात होतो. तुम्ही जिलबी वाढणाऱ्याला हातानं थांबवलंत आणि म्हणालात, "भगवंतराव, जो नेटवर दिसत न्हाई तो जगात न्हाई. देणारे लई हायेत, पन त्यांना तुमी सापडाय तर पायजे." मग जिलबीकडं वळलात. पण मला ते वाक्य लागलं.

घरी येऊन मी सूनबाईला, आरतीला, म्हणालो की आपल्याला नेटवर दिसायचंय. आरती नारायणगावला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, तिला त्यातलं कळतं. तिनं दोन-चार रात्री बसून टेकूची वेबसाइट उभी केली. वर नाव, खाली फोन नंबर, एक बटण देणगी देण्यासाठी, आणि मधे मोकळी जागा, फोटोसाठी. एवढं करून ती चार दिवस माहेरी गेली आणि जाताना आदेशला सांगून गेली की तिथं मंडळाचा एखादा चांगला फोटो टाका. आता चांगला फोटो म्हणजे काय? खाटेचा फोटो बघून कोणाला उमाळा येणार, आणि कमोडच्या खुर्चीचा तर विचारच सोडा. तेव्हा आमचे अध्यक्ष सावळेराम पुढं झाले. त्यांच्याकडं सत्काराचा एक फोटो होता. अंगावर शाल, गळ्यात हार, नजर वर कुठंतरी लांब. आदेशनं तो मोठा करून टाकला आणि खाली लिहिलं, "सेवेची अखंड परंपरा".

दुपारपर्यंत त्याच्याखाली पहिला अभिप्राय आला, "भावपूर्ण श्रद्धांजली". त्यानंतर रांग लागली. हार घातलेला फोटो आणि वर कुठंतरी बघणारा माणूस म्हटल्यावर लोक वाचत बसत नाहीत, हात जोडतात. संध्याकाळी सावळेरामांच्या फोनवर कोणीतरी जड आवाजात विचारलं, "कदी गेले?" सावळेराम म्हणाले, "अजून निघालो न्हाई." त्यांच्या दारात टोपी काढून आलेल्या चार माणसांना त्यांच्या मंडळींनी चहा केला आणि तो खुद्द सावळेरामांनीच बाहेर आणला, त्यात एकाच्या हातून कप पडला. आम्हाला वाटलं, अध्यक्ष राजीनामा देणार. मी माफी मागायला गेलो तर ते फोनवर सगळे अभिप्राय शांतपणे वाचत होते. म्हणाले, "भगवंता, फोटो काढ. पन घाई करू नको. कोनी कोनी श्रद्धांजली लिवली न्हाई, त्ये मी बघून ठिवतोय." मोठ्या मनाचा माणूस आहे, दाजी. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकीला वेळेवर येतात, आपण आहोत हे दाखवायला.

आरती परत आली, तिनं कपाळाला हात लावला आणि फोटो उतरवला. मग तिनं टेकूला नकाशावर बसवलं. फोनमधल्या नकाशावर आपली जागा दाखवायची तर आपण कोण ते आधी सांगावं लागतं. दवाखाना, दुकान, देऊळ, असली यादी येते, त्यातलं एक निवडायचं. आजाऱ्याला खाट उसनी देणारा माणूस त्या यादीत कुठंच नव्हता. सर्वांत जवळचं म्हणून तिनं 'सामान भाड्याने' निवडलं आणि सामानाचे फोटो जोडले. त्यात पत्ता मंडपाच्या गोडाऊनचाच. झालं. ऐन लग्नसराईत अख्ख्या जुन्नर-आंबेगावला दिसू लागलं की वारूळवाडीत भगवंत नावाचा कोणी खुळा खाटा आणि खुर्च्या फुकट देतो. रोज फोन. ओतूरकडच्या एका वरबापानं फोटो बघून विचारलं की ती मधे गोल भोक असलेली हाताची खुर्ची नवरदेवाला चालेल का, खालून कूलरची हवा लागेल. मी म्हणालो, चालेल, पण नवरदेव बसल्यावर पाहुणे समोरून उठतील. त्याला पटलं नसावं. सौ. तर फोन वाजला की मला न विचारताच उचलायची आणि म्हणायची, "लग्नाचं असंल तर न्हाई, आजारपनाचं असंल तर या." पलीकडचा माणूस घाबरून ठेवून द्यायचा.

अशाच एका दुपारी खोडदहून दादाभाऊ नावाच्या माणसाचा फोन आला. मुलीचं, हर्षालीचं, लग्न आठ दिवसांवर. नवऱ्याकडची मंडळी मुक्कामाला येणार, खाटा पाहिजेत. मी नेहमीची टेप लावली, की बाबा, ह्या खाटा वऱ्हाडासाठी नाहीत, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आहेत. माणूस ओशाळला. "चुकलं भाऊ, माफ करा," म्हणाला. पण फोन ठेवीना. मग हळूच बोलला, "मंग पडल्या मानसासाठी एक देता का? आमची आई हाय. झुंबरबाई. खुबा मोडलाय तिचा. नातीला तिनंच वाढीवली, आन आता लगीन दारात आन ती आतल्या खोलीत. खुर्चीवं बसवत न्हाई, अन् चौघांनी उचलून न्यायाला ती ऐकत न्हाई. म्हन्ती, व्याह्यांच्या म्होरं माजं गाठुडं करू नका."

दाजी, तेव्हा गोडाऊनमध्ये एकच खाट होती, चाकांची, आणि तिच्या चाकांचं ब्रेक गेलेलं. ती दुरुस्त होईस्तोवर कोणाच्या घरी द्यायची नाही असं मीच ठरवलेलं. पण एका दिवसाचा प्रश्न होता. मी म्हणालो, खाट घेऊन मी स्वतः येतो आणि मांडव उतरेपर्यंत खाटेपाशी उभा राहतो. सौ. म्हणाली, उभं राहणं तुम्हाला जमतं, जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात तेच केलंय.

लग्न शेतातच होतं. पलीकडं खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेना आभाळाकडं तोंड करून उभ्या, आणि अलीकडं मांडव. मांडव आमचा नव्हता, दुसऱ्या कोणाचा होता, आणि मी काही बोलणार नव्हतो, पण जमीन सपाट न करता त्यावर लाल गालिचा अंथरलेला. मागच्या दारापासून स्टेजपर्यंत सरळ उतार. (आमच्या हयातीत आम्ही असं काम केलं नाही.) आम्ही झुंबरबाईंना घरातून खाटेसकट अलगद आणलं. त्यांनी हिरवं नऊवारी लुगडं नेसलेलं, नाकात नथ, डोईवर पदर. हँडल फिरवून मी त्यांना पाठीकडून उचलून बसतं केलं, तशी त्यांनी मांडवावरून नजर फिरवली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पंख्याखाली त्या नाशिकवाल्यांना का बसीवलंय?" बाई पूर्ण शुद्धीत होत्या. खाट मागच्या दाराशी लावून मी तिला मांडवाच्या खांबाला दोरीनं बांधलं. गाठ माझी होती. माझी गाठ वादळात सुटत नाही.

वादळात सुटत नाही, पण व्हिडिओवाला सोडू शकतो. त्याला चौकटीत ती दोरी दिसत होती आणि ती त्याला शोभेना. मी अक्षता घ्यायला दोन पावलं पुढं गेलो, तेवढ्यात त्यानं ती सोडली आणि बाजूला टाकली. खाटेनं अंमळ विचार केला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं, स्पीकर घुमायला लागला आणि झुंबरबाईंची खाट निघाली.

जोरात नाही, सावकाश. देवाची पालखी निघावी तशी. मला दिसलं तेव्हा ती पाहुण्यांच्या मधोमध होती. मी धावलो आणि मागचा दांडा धरला, पण माझ्या वयाला उतारावर लोखंड थांबत नाही, लोखंडच मला घेऊन चाललं. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हल्ली नवरी नाचत येते, नवरा ट्रॅक्टरवर येतो, तर आजी खाटेवरून आली, एवढंच. वाजंत्रीवाल्यांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी भटजींना न विचारता सूर धरला. झुंबरबाईंनी मात्र तोल सोडला नाही. एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं पदर सावरला आणि ओळखीचा चेहरा दिसला की मान हलवत गेल्या. भटजी "सावधान" म्हणाले ते मंत्रातलं होतं की मला बघून, हे मला आजही सांगता येणार नाही. स्टेजपुढं झेंडूच्या फुलांचा जाड बांध घातला होता, त्यात खाट हळूच रुतली आणि थांबली, बरोबर अंतरपाटाच्या टोकाशी. मी धापा टाकत मागं उभा.

मग झुंबरबाईंनी मूठ उघडली आणि हातभर अंतरावरून नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. म्हणाल्या, "जवळून टाकल्या की लागत्यात बरुबर." हर्षाली पोरगी अंतरपाट तसाच ठेवून खाली उतरली आणि त्या खाटेच्या दांड्यात तोंड घालून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. दादाभाऊ मुलीचा बाप, तो आल्यागेल्याला हात जोडत फिरत होता, तो जागच्या जागी खुर्चीवर बसला आणि त्यानं उपरणं तोंडाला लावलं. मी एवढी लग्नं उभी केली, दाजी, पण पाठमोरा उभा राहून जेवणाच्या पातेल्यांकडं बघत राहावं लागलं असं ते एकच. पुढं जेवताना मी झुंबरबाईंची माफी मागितली, तर म्हणाल्या, "कशाची? मला वाटलं तुमी समद्यांनी ठरीवलंय. लई झ्याक केलंत."

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल, कारण माझ्याकडं तो व्हिडिओ तुमच्याकडूनच तीनदा आला. व्हिडिओवाल्यानं "आजीची एन्ट्री" असं नाव देऊन तो नेटवर सोडला. (मागं धावणारा माणूस मी आहे, हे तुम्ही ओळखलं नाहीत. तुम्ही खाली लिहिलं होतं, "वेटरची धावपळ बघा".) आरतीनं तोच व्हिडिओ आमच्या वेबसाइटवर त्या मोकळ्या जागेत बसवला आणि खाली तीनच वाक्यं लिहिली: "ही खाट टेकूची. कोणालाही मिळते, फुकट. काम झालं की परत द्या." बस. मी आधी लिहून दिलेलं पानभर निवेदन तिनं कुठं टाकलं ते मी विचारलं नाही.

आणि लोक आले, दाजी. देणाऱ्यांच्या आधी आले ते नेलेलं विसरलेले. शेवटचं वाक्य वाचून लोकांना आठवलं असावं. सकाळी उठून बघावं तर गोडाऊनच्या दाराशी वॉकर उभे, काठ्या टेकलेल्या, त्यातल्या कित्येक तर आमच्या नव्हत्याच. मग देणारे आले. चाकणच्या एका घरातून आजोबांची खाट आली, आजोबा गेल्यापासून गॅलरीत होती आणि घरच्यांना ती मोडीत द्यायला जीव होत नव्हता. मंचरच्या एका डॉक्टरीणबाईंनी हवेच्या गाद्या पाठवल्या आणि वर माझंच नाव घेऊन आभार मानले, हे तर उलटंच झालं. हर्षाली आणि तिच्या नवऱ्यानं आलेला सगळा आहेर टेकूला दिला. दादाभाऊ तो घेऊन आला आणि ती ब्रेक गेलेली खाट पदरच्या पैशानं दुरुस्त करून देऊन गेला. झुंबरबाई आता काठीनं अंगणात येतात. डिंभ्याच्या वरच्या त्या माणसाला मी आपणहून फोन केला. तो म्हणाला, वडील आहेत अजून, विटांवर आहेत. आदेश खाट घेऊन रस्ता संपेस्तोवर गेला, तिथून पुढं त्यांच्या वाडीतल्या पोरांनी खांद्यावर नेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "बाबा, आमचा म्हातारा उशाकडून वर झाला आन दारातनं डोंगर बघितला."

तेव्हा दाजी, हे सगळं तुमच्या त्या वाक्याचं देणं. तुम्ही बोलला नसता तर मी अजून बाजारपेठेत शटर मोजत बसलो असतो. सौ., आदेश, आरती आणि सावळेराम (हयात) या सर्वांच्या वतीनं मनापासून आभार मानतो. आम्ही तुमच्या ऋणात आहोत आणि तिथंच बरे आहोत. खोकल्याला जपावं, गुळाचं मनावर घ्यावं, लोभ वाढवावा.

आपला धाकटा मेहुणा,
भगवंत

ता.क. — आरती वेबसाइटवर 'आमचे हितचिंतक' असं पान करते आहे. त्यात पहिलं नाव तुमचं घालायचं ठरलंय. फोटो पाठवावा. हाराचा नको.

आणखी ता.क. — इथून पुढं अक्कानं मनातल्या मनात वाचावं. नेटवर दिसायला लागल्याचा एक परिणाम तुम्ही मला सांगितला नव्हतात. देणारे दहा वाढले तर मागणारे शंभर वाढतात. आलेल्या सगळ्या खाटा गेल्या, नव्या यायला अजून अवकाश आहे. आहुप्याकडच्या साळुबाई उद्या पुण्याच्या दवाखान्यातून घरी येताहेत, पाठीचं ऑपरेशन झालंय, जमिनीवर निजायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तर दोन वर्षांपूर्वी तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला टेकूची जी खाट लोणीला आली, तिची आठवण झाली. गुडघा बरा होऊन तुम्ही शिवनेरी चढून आलात, त्याचा फोटो तुम्हीच पाठवला होता. खाट अजून आहे आणि उशाकडची बाजू टीव्हीच्या मापानं वर करून ठेवलेली आहे, असं ऐकतो. हे अक्कानं सांगितलं असं मी कुठंही म्हटलेलं नाही.

शेवटचा ता.क. — हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही, आदेश घेऊन आलाय. पिकअप अंगणात उलटी लावून तो ओसरीवर बसला असेल. तोंडानं मागायची त्याची हिंमत होणार नाही, लाजाळू आहे. तुम्ही खाटेवर आडवे होऊनच वाचत असाल, तर त्याचा चहा होईपर्यंत सावकाश उठावं. गादी राहू द्या, गादी तुमचीच आहे.